उखर्डू हवालदाराचा खिळा

सोनगीरच्या तांबट आळीत पोरगं सात वर्षांचं झालं की बाप त्याला ऐरणीशेजारी बसवायचा. समोरच्या भिंतीवर चुन्याचा टिपका काढायचा आणि म्हणायचा, त्याच्याकडं बघ, नजर काढू नको. मग पोराच्या कानाशी हंडा धरून दणादण हातोडी हाणायचा. पापणी हलली की टाळक्यात टपली. कारण साधं होतं. घाव बसताना ज्याचा डोळा मिटतो, त्याचा घाव बोटभर बाजूला पडतो आणि भांडं चेपतं.

उखर्डूची पापणी चार महिन्यांत थांबली. आधीची दोन भावंडं गेलेली, म्हणून जन्मल्या-जन्मल्या याला उकिरड्यावर लोळवून आणलेला, त्यावरून हे नाव. हात बापासारखाच नेमका. पण तेवढ्यात बाजारात स्टील आलं, पितळेचे हंडे मोडीत निघाले, आणि उखर्डू चौऱ्याहत्तर साली पोलिसात भरती झाला. मुख्यालय कोणतं ते सांगत नाही. खानदेशातलं, एवढं पुरे. तिथली बरीच मंडळी अजून पेन्शन घेतायत.

त्या काळी पोलिसाला बंदूक शिकवायची म्हणजे वर्षातून एक दिवस. गावाबाहेर बर्डीच्या, म्हणजे टेकाडाच्या, पोटाशी चांदमारी. शंभर यार्डांवर कागदी चांद, मधोमध काळा ठिपका. थ्री नॉट थ्री रायफल घेऊन पोटावर लेटायचं. मागून उस्तादाची काठी टाचांवर बसायची, "पाय पसर, दम धर, घोडा दाब!" माणशी दहा गोळ्या. दहा संपल्या की वर्षाचं शिक्षण संपलं, वर्षभर खांदा दुखतो म्हणून सांगायला मोकळे. खरा चोर असा शंभर यार्डांवर काळा ठिपका होऊन उभा राहत नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

चांदाच्या पायथ्याशी माणूसभर खोल खंदक होता. गोळ्या डोक्यावरून जायच्या. खाली बसलेल्या मार्करनं दोरीनं चांद खाली ओढायचा, भोकं बघायची, बांबूला लावलेली पत्र्याची थाळी वर करून कुठं लागलं ते दाखवायचं, हुकलं तर लाल निशाण हलवायचं. मग कणकेच्या खळीनं भोकांवर चिठ्ठ्या डकवून चांद पुन्हा वर. ऐंशी साली उखर्डूला त्या खंदकात बसवलं. आधीच्या म्हाताऱ्या मार्करनं जाताना त्याच्या हवाली तीन वस्तू केल्या. खळीचं डबडं, ब्रश आणि वीतभर लांब खिळा.

"हाऊ कसाले?" उखर्डूनं विचारलं.

"गरीबले पास कराले," म्हातारा म्हणाला.

जो हुकेल त्याच्या चांदाला खिळ्यानं चार भोकं पाडायची, अशी तिथली रीतच होती. वर्षानुवर्षं चाललेली. साहेबांना निकाल चांगला दिसला की साहेब खूश, शिपाई पास झाला की शिपाई खूश. उखर्डू तांबटाचा पोरगा, त्याला ओबडधोबड काम खपायचं नाही. त्यानं घरून कानस आणली, खिळा घासून थ्री नॉट थ्रीच्या गोळीच्या मापाचा केला. गोळीच्या भोकाला काळसर कड असते, म्हणून टोकाला चिमणीची काजळी लावली. खरं भोक आणि खिळ्याचं भोक शेजारी ठेवलं तर त्याला स्वतःलाच ओळखू येईना. गोळीबाराच्या आदल्या दिवशी बराकीत जो तो त्याच्या खांद्यावर हात टाकायचा. "उखर्डूभो, जरा मनाकडे दखजो."

झुलाल हा त्यातलाच एक. शिरपूरकडचा, सहा फुटी, आवाज असा की बंदोबस्तात नुसता ओरडला तरी जमाव मागं सरकायचा. पण दहात एक गोळी कागदाला लागली तर नशीब. त्र्याऐंशी साली पहूरच्या एका घरी त्याचं लग्न जमत आलं होतं आणि अडलं होतं, नुसता शिपाई जावई त्यांना पुरत नव्हता.

"पहूरवाला म्हणी राहिनात," तो उखर्डूला म्हणाला, "पोलीस तं बठ्ठाच ऱ्हातस. पोऱ्याना अंगवर कायतरी दिखाले जोयजे."

"मंग दखाडसूत ना," उखर्डू हसला. "तू फक्त लेट, नी आभायमां मार."

त्या दिवशी उखर्डूचा हात सैल सुटला. दहातली नऊ भोकं त्यानं काळ्या ठिपक्यात पाडली. झुलाल मुख्यालयात पहिला आला. बाहीवर दोन बंदुकांची फुली शिवली गेली, सर्व्हिस बुकात लाल शाईनं 'निशाणबाज' लिहिलं गेलं. पहूरची प्रमिला घरात आली. लग्नाच्या पंगतीत उखर्डूला आग्रहानं पाच जिलब्या वाढल्या. तोही खाऊन मोकळा झाला.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत ती फुली कामाला लागली.

आग्रा रस्त्यावर ट्रक लुटणारा एक गडी दोंडाईच्याच्या वाटेवरच्या एका जिनिंगमध्ये शिरला. हातात गावठी कट्टा. भरदुपारी तो कापसाच्या गंजीवर चढून बसला आणि खाली शिव्या घालायला लागला. पोलिसांची गाडी पोचली. फौजदारानं सगळ्यांच्या बाह्या बघितल्या आणि फुलीवर बोट ठेवलं.

"तू. निशाणबाज. त्याच्या डोक्यावरून एक गोळी जाऊ दे. घाबरून उतरेल."

झुलालनं रायफल खांद्याला लावली. नाही म्हणायला तोंड होतं, पण तोंडाच्या वर ती फुली होती. गोळी सुटली, ती खाली आणि उजवीकडं गेली. कट्टेवाला आवाजानं घाबरून हात वर करून उतरलाही. पण शेजारच्या पत्र्याच्या भिंतीआड बाया सरकी वेचत बसल्या होत्या, आणि तिथून एकच किंकाळी आली. भिकुबाई नावाच्या मजूरणीच्या उजव्या कोपरातून गोळी आरपार गेली होती.

कागदावर लिहिलं गेलं, गोळी लोखंडी खांबावर आपटून वळली. नेमबाजाचा नेम चुकत नाही, तेव्हा खांबच दोषी.

दुसऱ्या दिवशी जिनिंगवर पहाऱ्याला उखर्डूला धाडलं. तो पत्र्याजवळ गेला. बराच वेळ भोकाकडं बघत राहिला. चार-पाच वर्षं भोकं पाडण्यात गेलेली, हात आपोआप खिशात गेला. खिळा काढला आणि पत्र्याच्या भोकात घातला. कुलपात किल्ली बसावी तसा बसला. ना सैल, ना घट्ट. खांबावर आपटून वळलेल्या गोळीचं भोक असं गोल पडत नाही.

त्यानं तो ओढून काढला आणि तिथंच कापसावर बसकण मारली.

त्याच आठवड्यात तो राखीव निरीक्षकांपुढं उभा राहिला आणि खिळ्याचं सगळं सांगून टाकलं. साहेब जुने, वर्षभरात रिटायर होणारे. त्यांनी आधी दार लावलं.

"पाच वर्षांच्या निकालाखाली माझी सही आहे, उखर्डू. तू तोंड उघडलंस तर अख्खं मुख्यालय नापास होईल. समजलं?"

"समजलं साहेब. मग मला खंदकातून काढा."

"काढतो. कुठं टाकू? गार्डला?"

"वरती. जिथून गोळी सुटते तिथं. मला शिकवायचंय."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, आणि हा माणूस गप्प राहायला एवढंच मागतोय म्हणून सुटकेचा श्वास टाकला. उखर्डू गप्प राहिला. पण त्या दिवसापासून त्यानं एक गोष्ट धरली ती सोडली नाही. आपल्या हाताखालून एकही खोटं भोक पडता कामा नये.

खंदकातल्या नव्या मार्करला त्यानं खिळा दिलाच नाही. पहिल्याच वर्षी निकाल कोसळला. निम्मे नापास. बराकीत त्याच्याशी कुणी बोलेना. "उखर्डूनं साधूपण घेतलं," असे टोमणे पडले, एकानं तर त्याच्या पलंगावर जपमाळ आणून ठेवली. त्यानं ती खुंटीला लावली आणि माणसं का हुकतात ते बघायला लागला. तो बंदुकीकडं बघेना, तोंडाकडं बघायचा. आणि त्याला जे दिसलं ते सोनगीरच्या आळीत सातव्या वर्षी शिकलेलंच होतं. घोडा दाबायच्या आधी पापणी मिटत होती. दणक्याची भीती. वर्षातून दहा दणके खाणाऱ्याची ती जाणार कशी?

त्यानं घरचा जुना हंडा आणला. रोज सकाळी कवायतीनंतर वीस जणांना रिकाम्या रायफली घेऊन लेटवायचं, समोर भिंतीवर चुन्याचे टिपके, आणि हा मधून हंडा वाजवत फिरायचा. ज्याची पापणी हलली त्याच्या टाळक्यात टपली. पोरं हसायची, त्याला हंडामास्तर म्हणायची. गोळीबाराच्या दिवशी तो खऱ्या गोळ्यांत गुपचूप एक पोकळ काडतूस मिसळून द्यायचा. घोडा दाबला, आवाज नाही, पण नळी मात्र बोटभर खाली झुकलेली. "दख," तो म्हणायचा, "बंदूक उडनीच नई, तरी तू घाबरना. कोनी मारं तुले?" कानात घालायला सरकी काढलेल्या कापसाचे बोळे. गोळ्या वाढल्या नाहीत, सरकार तेवढ्याच देत होतं. बिनगोळीचा सराव वाढला. चार वर्षांत नापास पाच-सहावर आले. अठ्ठ्याऐंशीला तो हवालदार झाला.

झुलाल मात्र चांदमारीला यायचाच नाही. त्यानं स्वतःला पाण्याच्या टँकरवर लावून घेतलं होतं. दर वर्षी त्या दिवशी त्याला हगवण लागायची. बाहीवरची फुली त्यानं ब्लेडनं उसवली होती, पण सर्व्हिस बुकातली लाल शाई कशी उसवणार?

चौऱ्याण्णव सरताना मुख्यालयात एसएलआर, म्हणजे आपोआप गोळी भरणाऱ्या रायफली, आल्या आणि पाठोपाठ एक तरुण साहेब आले. ते म्हणाले, आता ठिपक्यावर मारायचं नाही, माणसाच्या आकृतीवर मारायचं. तेही लेटून नाही, उभं राहून, आडोशाला टेकून. आणि मुख्य म्हणजे कुणावर मारायचं नाही, ते आधी शिकायचं. आठ चौकटी, दोरीनं फिरणाऱ्या. प्रत्येक तीन सेकंद समोर येणार. पाचांच्या हातात हत्यार, तिघांच्या नाही. हत्यारी पाचांत चार लागले पाहिजेत, बिनहत्यारी एकाला जरी लागली तरी नापास.

उखर्डूला वाटलं, हा साहेब थोडा आधी यायला हवा होता.

आकृत्या रंगवायला त्यानं नूर महंमदला गाठलं. टॉकीजचे बोर्ड रंगवणारा गडी. नूर महंमदनं विचारलं, "हत्यारवाले पाच मैं बनाता, मिशीवाले, लाल डोळ्याचे. बाकी तीन कौन?"

"एक छत्रीवाला म्हातारा. एक पोरगा सायकल घेऊन. आणि एक बाई. तिचं मी उद्या सांगतो."

तिचं सांगायला त्याला आधी एका ठिकाणी जायचं होतं. इतक्या वर्षांत तो तिच्या घरावरून अनेकदा गेला होता, आत कधी गेला नव्हता. भिकुबाई ओट्यावर डाव्या हातानं सुपात तूर पाखडत होती. उजवा हात कोपरात लाकडासारखा, मांडीवर ठेवलेला.

"अक्का, मी पोलीस हेडक्वार्टरचा उखर्डू हवालदार."

"वाटनंच. पोलीससिवाय मना दारमां इतला टैम कोन उभा ऱ्हाई? बठ."

तो बसला आणि खिळ्यापासून पत्र्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना डोळे तिच्या कोपरावर होते, पापणी हलली नाही. भिकुबाई पाखडायची थांबली. मग म्हणाली, "खांबवर आदळनी म्हणे व्हतं. मी दहा वरीस त्या खांबले शिव्या दिनात रे भाऊ. फुकट गयात."

"माले दे आते."

"तुले देईसन काय हात सीधा व्हई?" तिनं नाक मुरडलं. "कसाले उना ते सांग."

त्यानं आकृतीचं सांगितलं. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलेली बाई काढायची, म्हणजे प्रत्येक शिपाई बंदूक रोखून तिच्याकडं बघेल आणि मारायचं नाही हे शिकेल. भिकुबाई पहिल्यांदा हसली.

"काढ मंग. पन हातमां इळा नको देऊ, नईते तुमना लोके परत मारतीन. नी गाठोडं मोठं काढ. लहान गाठोडं मी कधी उचलेल नई." मग तिनं हात पुढं केला. "तो खिळा कोठे शे? दे आठे."

खिळा अजून त्याच्या खिशातच होता. दहा वर्षं. तिनं तो उलटसुलट बघितला आणि भिंतीकडं बोट केलं. "ठोक तठे. सूप टांगाले जागा नई मनाकडे." उखर्डूनं दगड घेतला. तीन घावांत खिळा मातीच्या भिंतीत बसला.

नव्या पद्धतीची पहिली चाचणी सगळ्या तुकड्यांसमोर व्हायची होती. पहिला कोण मारणार ते ठरवायला साहेबांनी सर्व्हिस बुकं मागवली आणि लाल शाई शोधली.

झुलाल त्याच संध्याकाळी टँकर तसाच उभा करून उखर्डूच्या क्वार्टरवर आला. चेहरा राखेसारखा.

"चाचणीले सवा महिना शे. खिळा काढ भो."

"खिळा गया. भिंतमां शे."

"मंग नवा घडाव! तूच करेल शे हाई बठ्ठं!"

"मीच. म्हनीसन सांगस. एकतर आते जाईसन साहेबले खरं सांगू, दोनी मिळीसन. नईते सवा महिना रोज पहाटे ये, मी शिकाडसू. खोटं भोक मरापर्यंत नई."

झुलाल उंबऱ्यावर बसला. मग हळूच म्हणाला, "मना डोया मिटाई जातस रे. जिनिंगमां बी मिटना व्हतात. मी तिले दखंच नई."

हे त्यानं दहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री ते त्यानं प्रमिलाबाईलाही सांगितलं, फुलीसकट. ती म्हणाली, "फुली खोटी नंघनी. आनखी काय काय खोटं शे ते बी आजच सांगी टाका, एकदावनं." दुसऱ्या दिवशी पहाटे तिनंच त्याला पांघरूण ओढून उठवलं.

सवा महिना हंडा वाजला. पहिल्या आठवड्यात झुलालच्या टाळक्यावर एवढ्या टपल्या बसल्या की तो टोपी घालून यायला लागला. उखर्डूनं टोपी काढायला लावली. दुसऱ्या आठवड्यात चुन्याचा टिपका त्याच्या स्वप्नात यायला लागला. चौथ्या आठवड्यात एका सकाळी हंडा वाजत राहिला, वाजत राहिला, आणि झुलालची पापणी हललीच नाही. हातोडी थांबली तरी तो टिपक्याकडं बघतच होता. गालांवरून पाणी ओघळत होतं.

चाचणीच्या दिवशी बर्डीखाली दोनशे माणूस. झुलाल आडोशामागं उभा राहिला, एसएलआर खांद्याला. पहिली चौकट फिरली, लाल डोळ्यांचा तलवारवाला. गोळी छातीत. दुसरा, छातीत. लोकांत कुजबुज. तिसरी चौकट फिरली, आणि समोर गाठोडं घेतलेली बाई. नूर महंमदनं गाठोडं चांगलं मोठं काढलं होतं. झुलालनं मारलं नाही. पण त्याची नळी खाली गेली, पार जमिनीपर्यंत, आणि वर येईना. चौथा कट्टेवाला फिरून आला आणि फिरून गेलाही. मग झुलाल भानावर आला. पाचवा त्यानं टिपला. म्हातारा सोडला, पोरगा सोडला. शेवटची गोळी चौकटीच्या लाकडात घुसली.

उखर्डू स्वतः मोजायला गेला. कागदाला तीन भोकं. चार हवी होती. चौथ्या कोऱ्या आकृतीसमोर उभं असताना त्याचा हात सवयीनं खिशात गेला. खिसा रिकामा होता. तो वळून साहेबांपुढं आला.

"पाचात तीन. नापास, साहेब."

साहेबांच्या कपाळाला आठी. "सर्व्हिस बुकात निशाणबाज, आणि नापास? हे कसं काय?"

झुलालनं तोंड उघडलं, पण उखर्डू एक पाऊल पुढं झाला. आवाज दोनशे माणसांना ऐकू जाईल इतका.

"त्र्याऐंशीची नऊ भोकं मी पाडली साहेब, खंदकात बसून, खिळ्यानं. त्या फुलीमुळं पंच्याऐंशीला याच्या हातात बंदूक दिली गेली आणि एका बाईचा हात गेला. खांबाला काही लागलं नव्हतं. ही तीन भोकं मात्र यानं स्वतः पाडलीत."

मागच्या रांगेतल्या जुन्या लोकांनी बुटांकडं बघितलं.

"खिळा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"भिकुबाईच्या भिंतीत. तिचं सूप टांगलंय त्याला."

चौकशी झाली. उखर्डूची एक फीत उतरली, हवालदाराचा नाईक झाला. झुलालच्या बुकातली लाल शाई रीतसर खोडली गेली, आणि पंच्याऐंशीच्या कागदावर खांबाच्या जागी खरं लिहिलं गेलं. त्या कागदाची नक्कल उखर्डूनं स्वतः भिकुबाईला वाचून दाखवली. साहेबांनी उखर्डूला चांदमारीवरून मात्र हलवलं नाही. "हंडा तुमच्याशिवाय कोण वाजवणार?" एवढंच म्हणाले. लोक त्याला हवालदारच म्हणत राहिले.

त्या नापासाच्या दिवशी सगळे पांगल्यावर झुलाल चौकटीपाशी गेला होता. तलवारवाल्याच्या छातीतल्या भोकात त्यानं करंगळी घातली.

"हाई मनंच शे ना, भो?"

"तुनंच. बठ्ठा तीन तुनाच शेतस."

"मंग उद्या पहाटे हंडा लई ये."

एका महिन्यानं फेरचाचणी झाली. या वेळी बघायला कुणी नव्हतं, फक्त साहेब, खंदकातला मार्कर आणि आडोशामागं उखर्डू. पहिला लागला. दुसरा लागला. तिसरी चौकट फिरली, बाई आली. झुलालची नळी इंचभर बाजूला सरकली आणि तिथंच थांबली. खाली गेली नाही. तीन सेकंद तो तिच्याकडं उघड्या डोळ्यांनी बघत होता. ती फिरून गेली, चौथा कट्टेवाला आला, आणि गोळी त्याच्या छातीत बसली. पाचव्याचा खांदा फुटला. म्हातारा सोडला, पोरगाही सोडला. शेवटची पुन्हा लाकडात.

मार्करनं थाळी चार वेळा वर केली.

उखर्डू खंदकात उतरला. चारी भोकं बोटानं चाचपली, कडा बघितल्या, एकेकातून उजेड बघितला. मग वर येऊन झुलालच्या शेजारी उभा राहिला.

"बाईना टाईमले पापणी?"

"नई हालनी," झुलाल म्हणाला आणि मॅगझिन काढून रायफल त्याच्या हातात दिली.